एकविसाव्या वर्षीचे दोघे

(कडा, ता. आष्टी, जि. बीड येथे तरुणांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कड्यात बोलायचं आणि रेल्वेचं नाव काढायचं नाही, हे जमणार नाही. अहमदनगर-बीड-परळी मार्गाला मंजुरी मिळाली नव्वदच्या दशकात. कड्यावरून आष्टीपर्यंत गाडी धावली २०२२ मध्ये. या उशिराला कुणी कड्याचा आळस म्हणत नाही. पैसा वेळेवर आला नाही, म्हणून काम रखडलं, हे सगळ्यांना कळतं. माणसाच्या उशिराबद्दल मात्र आपण असा विचार करत नाही. पंचविशीतला मुलगा अजून ‘सेटल’ नाही म्हटलं, की दोष त्याच्या डोक्याला, नाहीतर नशिबाला.

म्हणून आज मराठवाड्यातल्या दोन मुलांबद्दल बोलतो. दोघांच्या वयात फार अंतर नाही.

पहिला जालना जिल्ह्यातला अन्सार शेख. वडील रिक्षाचालक. २०१५ ची यूपीएससी त्याने पहिल्याच प्रयत्नात, एकविसाव्या वर्षी काढली. आपल्या घराघरांत त्याचं उदाहरण देतात, आणि द्यायलाच हवं. पण त्याने स्वतः सांगितलेली एक गोष्ट आपण गाळतो. त्याच्या भावाने शाळा सोडून गॅरेजमध्ये काम धरलं आणि घराला हातभार लावला. म्हणजे एकाला लवकर पोहोचता यावं म्हणून दुसरा मागे थांबला.

दुसरा तुमच्याच आष्टी तालुक्यातला, मांडव्याचा अविनाश साबळे. आईवडील वीटभट्टीवर राबायचे, शाळा काही किलोमीटर लांब. बारावीनंतर तो सैन्यात गेला, सियाचिनला राहिला. ज्या वयात अन्सार आयएएस झाला, त्या वयात अविनाश सैन्याच्या क्रॉसकंट्री स्पर्धांत नुकता कुठे धावायला लागला होता. धावपटूच्या हिशेबात हा उशीरच. पण २०१८ मध्ये त्याने तीन हजार मीटर स्टीपलचेसमधला गोपाल सैनींचा ३७ वर्षं जुना राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य मिळवलं. १९९८ पासून त्या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाच नेत होता. सुवर्ण हुकलं ते सेकंदाच्या पाच शतांशाने. २०२३ मध्ये आशियाई सुवर्ण.

अविनाशची जिद्द मोठीच. पण तिच्या जोडीला पगार होता, पोटभर जेवण होतं, प्रशिक्षक होता. सैन्याने त्याला वेळ दिला. मुंबईच्या प्रवीण तांबेचंही तसंच. वर्षानुवर्षं नोकरी सांभाळत तो क्लब आणि कंपन्यांच्या संघांकडून खेळत राहिला, आणि २०१३ मध्ये, ४१ व्या वर्षी आयपीएलमध्ये उतरला. उशिरा फुलण्यासाठी मुळाला तोवर पाणी मिळावं लागतं. ‘सब्र कर’ एवढं सांगून भागत नाही. सब्र करणाऱ्याच्या घरी चूल पेटली पाहिजे.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे बावीसाव्या वर्षीच पॅकेज विचारतात. पण कॉलेजात शिकलेली कितीतरी साधनं माझ्या कामात आज उरलेली नाहीत. लवकर पोहोचलेल्यालाही दर काही वर्षांनी पुन्हा पहिलीच्या बाकावर बसावं लागतं. तेव्हा लवकर यश म्हणजे कायमचं यश, असं समजू नका.

उशिरालाही हद्द असते, हे मात्र लपवणार नाही. काही दारांवर तारीख लिहिलेली असते. सैन्यभरतीचं वय विशीच्या सुरुवातीलाच संपतं. यूपीएससी खुल्या गटाला ३२ पर्यंत, ओबीसींना ३५ पर्यंत. एमपीएससीला साधारण ३८, मागासवर्गीयांना ४३. बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी अशा आपल्या कितीतरी बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. दाखला आजच काढून ठेवा. काही दारं मात्र बंद होत नाहीत. दहावी-बारावी सुटली असेल तर १७ नंबरचा फॉर्म आहे. पुढे नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ पासून. तिथे गॅरेजवाला, दुकानदार, दोन मुलांची आई, कुणीही शिकू शकतं.

दोन मुलांची आई मुद्दाम म्हटलं. मुलगा तिशीत स्पर्धा परीक्षा देत असेल तर आपण म्हणतो, ‘मेहनत करतोय’. मुलगी बाविशीत पुस्तक उघडून बसली की म्हणतो, ‘रिश्ते येणं बंद होईल’. घड्याळ एकच, पण तिच्यासाठी आपण ते दहा वर्षं पुढे लावून ठेवलंय. आपल्या समाजात सगळ्यात जास्त उशीर बहिणींच्या वाट्याला येतो, आणि तो त्यांच्यामुळे होत नाही.

म्हणून इथे जे कमावते आहेत, त्यांना एक विनंती. तुमच्या घरात तुमच्यासाठी कोण थांबलं, ते आठवा. शाळा सोडलेला भाऊ असेल, दहावीनंतर घरी बसलेली बहीण असेल, भावजय असेल. सत्कार, हार, स्टेटस नंतर. आधी त्यांच्या एका वर्षाचा खर्च उचला: फॉर्मची फी, पुस्तकं, आणि घरकामातून रोज दोन तासांची सुट्टी. सुट्टी सगळ्यात महाग असते, कारण ती द्यायची तर भांडी आपल्याला घासावी लागतात.

आणि जे अजून पोहोचले नाहीत, त्यांनी आज घरी जाऊन दोन याद्या करा. कोणत्या दारावर तारीख आहे, कोणत्यावर नाही. तारीख असलेल्या दाराकडे उद्याच निघा. बाकीच्यांकडे चालत गेलात तरी चालेल.