झाडू कुणाच्या हातात?

मैत्रिणींनो, जिल्हा परिषदेच्या शाळेत मी दुसरीचा वर्ग शिकवते. वर्गात आपलेपणा हवा, असं प्रशिक्षणात सांगतात. खरंच आहे. पण झाडायचं मुलींनी, हजेरीत आधी मुलग्यांची नावं, आणि मुलगा रडला की ‘मुलीसारखा काय रडतोस?’ मग आपलेपणा यायचा कुठून?

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात बाई आणि पुरुष मिळून भाजी निवडताना दाखवले. मी विचारलं, “तुमच्या घरी कोण निवडतं?” वर्गात नुसता हशा!

मग झाडण्याच्या, पाणी भरण्याच्या पाळ्या लावल्या, चिठ्ठ्या टाकून. नाहीतर झाडू ठरावीक वस्तीतल्या पोरींकडेच जातो, हे तुम्हाला सांगायला नको. रोज दहा मिनिटं गोल बसतो. राग, रुसवा, भीती, ज्याची त्यानं सांगायची; इतरांनी मध्ये न बोलता ऐकायचं. मुलींना बोलायला वेळ लागला, मुलग्यांना ऐकायला त्याहून जास्त.

एक आजी भांडायला आल्या, “माझ्या नातवाच्या हातात झाडू?” म्हटलं, “हो आजी, कोपरेसुद्धा स्वच्छ काढतो.”

हजेरीपट मात्र अजून तसाच आहे. तुमच्या गावच्या शाळेत आधी कुणाची नावं घेतात, विचारून या.