कुलूप कोणाला, किल्ली कोणाकडे?



सातबाऱ्यावर नाव लागले की जमीन आपली, असे आपण धरून चालतो. पण १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला. आता तो कलम ३००-अ खालचा साधा कायदेशीर हक्क आहे. कायद्याचा आधार दाखवला की सरकार जमीन घेऊ शकते. आपल्याकडच्या आदिवासी शेतकऱ्याला तर महसूल संहितेचे कलम ३६-अ आणखी वेगळे. बिगर-आदिवासीला जमीन विकायची, तर शासनाच्या मान्यतेने जिल्हाधिकाऱ्याची परवानगी हवी.

आमचे काही तरुण विचारतात, शेतमालाला मोकळा बाजार मागता, मग जमिनीलाच बंदी का? गिऱ्हाईक कमी म्हणून भावही कमी. प्रश्न खरा आहे. पण शहादा-तळोद्यात ही बंदी नव्हती तेव्हा काय झाले? लग्नासाठी, बियाण्यासाठी घेतलेल्या उसनवारीवर अंगठे उठले, आणि बाप मालक होता त्या शेतावर पोरगा सालदार झाला. अंबरसिंग महाराजांनी आणि १९७२ पासून श्रमिक संघटनेने हा प्रश्न लावून धरला. पुढे १९७४ चे कायदे आले. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात हातची गेलेली जमीन परत मागता येऊ लागली.

तेव्हा सावकाराच्या वाटेवरचे कुलूप आम्हाला हवेच आहे. आमचे भांडण दुसरे आहे. हे कुलूप सरकारला लागत नाही. सरदार सरोवरात अक्राणी-अक्कलकुव्याची ३३ गावे बाधित ठरली. तिथे पिढ्यान्‌पिढ्या जंगलजमीन कसणारा कागदावर 'अतिक्रमणदार' निघाला! आणि सप्टेंबर २०२५ मध्ये महसूलमंत्र्यांनी सांगितले, की आदिवासींना जमीन खासगी उद्योगांना भाड्याने देता येईल असे करू. त्यात शेतकऱ्याचे भले सांगितले जाते. उसनवारीच्या वेळीही तेच सांगितले जात होते.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात अनुसूचित क्षेत्रासाठी ग्रामसभेची पूर्वसंमती आहे. भाडेपट्ट्यालाही तीच अट हवी, ही आमची मागणी आहे. ग्रामसभाही खरी हवी. निम्मे गाव गुजरातेत ऊसतोडीला गेलेले असताना झालेला ठराव आम्ही मानणार नाही. जमिनीचा विषय माणसे गावात असतात तेव्हा, पावसाळ्यातच घ्या, आणि कोऱ्या कागदावर कोणीही सही-अंगठा देऊ नका.