तुकड्यातुकड्यांची ऊब



लोकरीचे चौकोन विणावयाचे आणि ते जोडून पांघरूण करावयाचे, हा उद्योग आज पुष्कळ घरांत चालतो. कोणी म्हणेल, ही विलायती हौस आहे. दुसऱ्या महायुद्धात कॅनडातील स्त्रियांनी तुकड्यांच्या रजया शिवून रेडक्रॉसमार्फत इंग्लंडला धाडल्या, हे खरे. परंतु त्यामागील युक्ती आमच्या जुन्नर-आंबेगावच्या प्रत्येक वाकळीत आहे.

ती युक्ती अशी, की मोठे काम लहान करून घ्यावयाचे. शेतात राबणाऱ्या बाईला सबंध दिवस मोकळा मिळत नाही. पश्चिम पट्टीत भाताची लावणी चालू असता तर घटकाभरही नाही. पंचवीस सेंटिमीटरचा एक तुकडा मात्र केव्हाही हाती घेता येतो. असे ८ ओळींत ६ प्रमाणे ४८ तुकडे झाले, की दोन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद पांघरूण होते. फाटेल तेवढाच तुकडा बदलावा.

अट एकच : माप सारखे हवे. विणताना एकीचा हात सैल, दुसरीचा घट्ट. तेव्हा नुसते टाके मोजून भागत नाही, पट्टी लावून पाहावे लागते. सगळ्या ओळी सुलट विणल्या तर चौकोन सपाट राहतो. एक ओळ सुलट, एक उलट अशा विणीच्या कडा मुडपतात.

वाकळीची ऊब थरांत असते. नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर; त्याच्या चार घड्या घातल्या की दोन मीटरांचे चार थर झाले. थरांमध्ये हवा कोंडते, तीच थंडी अडविते. धावदोरा हे थर जागच्या जागी धरून ठेवतो.

आता मुख्य मुद्दा. शहरात गोधडीला हौशी गिऱ्हाईक मिळू लागले आहे, पण भाव ठरविताना ते म्हणते, "जुन्या चिंध्यांचे एवढे पैसे?" आपण हिशेब करू. दोन-दोन सेंटिमीटरांवर एक ओळ धरली तर ७५ ओळी होतात. दर सेंटिमीटरला एक टाका धरला तर एका ओळीत २००. म्हणजे एका गोधडीत १५,००० टाके! विकत घ्यावयाचे ते हे टाके, चिंध्या नव्हेत. शिवाय त्या चिंध्याही आता फुकट राहिल्या नाहीत. घरोघर पॉलिएस्टरच्या साड्या आल्या. त्या घाम शोषीत नाहीत. मऊ सुती कापड शोधून आणावे लागते.

म्हणून बचत गटांतील भगिनींना आमचे सांगणे आहे, की प्रत्येक गोधडीमागे लागलेले तास वहीत मांडा, कापडदोऱ्याचा खर्च धरा आणि मगच किंमत सांगा. तुकडे अनेकींनी शिवले असतील, तर प्रत्येकीच्या तुकड्यांप्रमाणे पैसा वाटा. काम वाटून घेता येते, तसा मोबदलाही वाटला गेला पाहिजे. घरच्या माणसांनीही हे काम "रिकामपणचे" म्हणणे सोडावे, एवढीच विनंती.