तीन मिनिटं आणि अजून पन्नास फूट

हेडफोन लावलेत ना? आजचा विषय आहे गोल्फ. थांबा, थांबा, लगेच पुढच्या भागावर उडी मारू नका. जालना जिल्ह्यातल्या पोराने गोल्फवर बोलायचं म्हणजे मोसंबीच्या बागेत बसून बर्फावरच्या खेळावर बोलण्यासारखं आहे, हे मलाही कळतं. पण शेवटी आपण आपल्याच शेतात येऊन थांबणार आहोत. शब्द देतो.

तर तारीख ७ ऑगस्ट २०२१. शनिवार. त्या दिवशी संध्याकाळी नीरज चोप्राने भाला फेकून सुवर्ण आणलं, ते सगळ्यांना आठवतं. पण त्याच सकाळी टोकियोत आपली अदिती अशोक गोल्फचा शेवटचा राऊंड खेळत होती. पदकाच्या इतक्या जवळ, की ज्यांनी आयुष्यात गोल्फची काठी हातात धरली नाही, असे लोक सकाळी सकाळी फोन उघडून बसले होते. मीही त्यातलाच. वर्क फ्रॉम होम चालू होतं, त्यामुळे गावीच होतो. अदिती शेवटी चौथी आली, फक्त एका स्ट्रोकने ब्राँझ हुकलं. त्याच ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या गटात पुण्याचा उदयन मानेही खेळला होता, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

मी फोन भिंतीला टेकवून बघत होतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, चहाचा कप घेऊन शेजारी येऊन बसले. पाच मिनिटं शांत बघितलं आणि म्हणाले, "एवढ्या मोठ्या रानात एवढुसा बॉल. हरवला तर?"

मी म्हणालो, "माहीत नाही अण्णा, बघून सांगतो." मग शोधायला लागलो आणि तिथून हा सगळा भाग सुरू झाला.

तर उत्तर असं आहे. गोल्फमध्ये बॉल हरवला तर शोधायला तीन मिनिटं मिळतात. फक्त तीन. नियम क्रमांक १८.२. आधी पाच मिनिटं होती. गोल्फचे नियम दोन संस्था मिळून ठरवतात, स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजची आर अँड ए आणि अमेरिकेची यूएसजीए. त्यांनी १ जानेवारी २०१९ पासून पाचाची तीन केली. मुख्य कारण काय, तर खेळ फार रेंगाळतो. एक जण झुडपात डोकं घालून बसला की मागचे सगळे ताटकळतात.

आता घड्याळ कधी सुरू होतं? तर खेळाडू किंवा त्याचा कॅडी, म्हणजे बॅग उचलून सोबत चालणारा माणूस, शोधायला लागतो तेव्हापासून. बॉल मारल्यापासून नाही. प्रेक्षक आधीपासून शोधत असतील तर ते धरत नाहीत. दोन मिनिटं पंचावन्न सेकंदांना बॉल दिसला आणि तो आपलाच आहे का हे बघायला थोडा वेळ गेला, तर तो मिळतो. पण तीन मिनिटं एक सेकंदाला सापडला, तर तो बॉल हरवलेलाच. तुमच्या पायाशी असला, तुमची खूण त्यावर असली, तरी हरवलेला.

मला इथे फार मजा वाटली. म्हणजे 'हरवला' हा शब्द बॉलबद्दल नाहीये. तो शोधण्याबद्दल आहे. बॉल तिथेच कुठेतरी असतो. संपतो तो तुमचा वेळ.

आणि शिक्षा काय? जिथून मारला होता तिथे परत जायचं, आणि वर एक दंडाचा स्ट्रोक. म्हणजे पहिलाच फटका हरवला, तर तो एक, दंडाचा एक, आणि तुम्ही परत तिथूनच तिसरा फटका मारायला उभे. हा नियम आजचा नाही बरं का. १७४४ साली स्कॉटलंडमध्ये लीथ इथे गोल्फचे पहिले लिखित नियम झाले, एकूण १३. त्यातही हेच होतं, बॉल हरवला तर मागे जा आणि समोरच्याला एक स्ट्रोक द्या. पावणेतीनशे वर्षं झाली, शिक्षा तीच.

मोठ्या खेळाडूंचं काय होतं? त्यांच्यामागे हजारो प्रेक्षक असतात, कॅमेरे असतात. त्यामुळे त्यांचे बॉल फारसे हरवत नाहीत. पण २०२० मध्ये कोविडमुळे मास्टर्स स्पर्धा एप्रिलऐवजी नोव्हेंबरला झाली, तीही प्रेक्षकांविना. पावसाने मैदान ओलं. ब्रायसन डीशँबो दोनच महिने आधी यूएस ओपन जिंकून आलेला, बॉल सगळ्यात लांब मारणारा गडी. दुसऱ्या राऊंडला तिसऱ्या होलवर त्याचा बॉल डावीकडच्या गवतात गेला आणि गायब. बहुतेक ओल्या मातीत रुतला असणार. सगळ्यांनी शोधला. तीन मिनिटं संपली. चार फटक्यांच्या होलला त्याला सात लागले. हजारो प्रेक्षक असते तर कुणीतरी बोट दाखवलं असतं की "तो बघा तिथे."

आपल्याकडे या बोट दाखवणाऱ्याला एक फार भारी शब्द आहे. भारतातल्या जुन्या गोल्फ क्लबांमध्ये एक माणूस फटक्याच्या आधीच पुढे जाऊन उभा राहतो, बॉल कुठे पडतो ते बघायला. त्याला म्हणतात 'आगेवाला'. बस, एवढंच काम. पुढे उभं राहून नजर ठेवायची.

आता आपल्या गल्ली क्रिकेटमध्ये आगेवाला कोण? तर सगळ्यात लहान पोरगं. त्याला बॅटिंग कधीच मिळायची नाही, पण नाल्याच्या कडेला उभं करायचे. आमच्याकडे बॉल गाजरगवतात गेला की सगळा डाव थांबायचा. नियम एकच, जो मारेल तो आणेल. वेळेची मर्यादा? काहीच नाही. अंधार पडेपर्यंत. कारण बॉल एकच, तोही वर्गणीचा. आणि गंमत म्हणजे खऱ्या क्रिकेटमध्येही हरवलेल्या बॉलचा स्वतंत्र कायदा होता. फील्डरने 'लॉस्ट बॉल' म्हटलं की फलंदाजाला सहा रन, आणि त्याआधीच जास्त पळून झाले असतील तर तेवढे. २०१७ च्या नव्या कायद्यांत तो वेगळा कायदा काढून डेड बॉलमध्ये घातला. पण घड्याळ तिथेही नव्हतं.

माझ्या कामात मात्र हे घड्याळ रोज लागतं. एक प्रोग्रॅम दुसऱ्याला काहीतरी विचारतो आणि उत्तराची वाट बघतो. किती वेळ बघायची ते आधीच लिहून ठेवावं लागतं. त्याला टाइमआऊट म्हणतात. ते लिहिलं नाही, तर समोरचा बंद पडल्यावर आपलाही प्रोग्रॅम वाट बघत बसतो, मग त्याच्यावर अवलंबून असलेला तिसराही. एकाच्या वाट बघण्यापायी सगळी सिस्टीम अडकते. कॉलेजमधून नवीन आलेली पोरं हेच लिहायला विसरतात. मीही विसरलो होतो.

तर हे सगळं मी त्या दिवशी अण्णांना सांगितलं. तीन मिनिटं, दंड, परत मागे जाणं. अण्णा ऐकत होते. कप खाली ठेवला आणि म्हणाले, "बोअरच्या टायमाला आपल्याला कुणी असं घड्याळ लावलं असतं तर?"

मंडळी, इथून पुढचं मी पहिल्यांदाच असं माइकवर बोलतोय.

२०१३ चा उन्हाळा. जालन्याच्या लोकांना तो वेगळा सांगायला नको. त्याआधीचा पावसाळा कोरडा गेलेला. जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या उभ्या वाळत होत्या. आमची बाग तीनशे झाडांची, अण्णांनी लावलेली, मी शाळेत असताना ज्यांना पाणी दिलं ती झाडं. विहिरीने तळ दाखवला होता. अण्णांनी बोअर घ्यायचं ठरवलं. पाणाड्याला बोलावलं, तो हातावर नारळ घेऊन शेतभर फिरला, एका जागी नारळ उभा राहिला. तमिळनाडू पासिंगची बोअरची गाडी आली. ठरलं होतं दोनशे फूट.

दोनशे फुटांना नुसती धूळ. पांढरा फुफाटा. गाडीवाला म्हणाला, "मालक, अजून पन्नास फूट मारू. ओल लागेल." मारलं. धूळ. "आता आलोच आहोत तर अजून पन्नास." मारलं. असं करत करत चारशे. प्रत्येक फुटाला पैसे, आणि जितकं खोल तितका फुटाचा भाव जास्त. चारशेला गाडी थांबली, पाणी लागलं म्हणून नाही, पैसे संपले म्हणून. मग पंधरा दिवसांनी उसनवारी करून दुसरी बोअर. तीही फेल.

आपल्या जमिनीखाली बेसॉल्ट आहे, काळा पाषाण. त्यात पाणी असतं ते मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत. खोल गेलं की पाणी वाढतंच असं नाही. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यातसुद्धा ६० मीटर, म्हणजे साधारण दोनशे फूट, ही खोल विहिरीची रेष धरलेली आहे. पण भोकाच्या तोंडाशी उभं राहिल्यावर कुणाला मीटर आठवतात? तिथे एकच विचार असतो. आता थांबलो आणि पाणी खाली दहा फुटांवर असलं तर?

त्या वर्षी बाग गेली. जून उजाडायच्या आत झाडं तोडून सरपण झालं. त्या वर्षी माझ्या शिक्षणाचे पैसे आईच्या पाटल्यांमधून आले. कर्ज फेडायला पुढची पाच वर्षं गेली.

म्हणून मी अण्णांना त्या दिवशी, थोडा शहाणपणा करत, म्हणालो, "दोनशेलाच थांबायला पाहिजे होतं. उरलेल्या पैशात टँकरवर निदान पन्नास झाडं जगली असती."

अण्णा म्हणाले, "शेजारच्या गटात तीनशे दहाला पाणी लागलं होतं. त्याला कोण म्हणलं का, दोनशेला थांबायला पाहिजे होतं म्हणून?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण खरंच लागलं होतं. त्याची बाग आजही आहे.

मग ते म्हणाले, "आणि हे बघ, त्या गोल्फवाल्याच्या खिशात दुसरा बॉल असतो. म्हणून त्याला तीन मिनिटांत निघता येतं. माझ्या खिशात दुसरं काय होतं?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. आपण मोबाईलवर किती ऐकतो ना, वेळेवर सोडून द्यायला शिका, पुढे चला. परीक्षा देणाऱ्या पोरांना सांगतो, धंद्यात अडकलेल्या मित्राला सांगतो. पण सोडून देणं ही नुसती हिंमतीची गोष्ट नाही. दुसरा बॉल असावा लागतो. गल्लीत आम्ही अंधार पडेपर्यंत शोधायचो ते मूर्ख होतो म्हणून नाही. बॉल एकच होता म्हणून.

आणि गोल्फच्या नियमांना हे कळलेलं आहे. तिथे एक सोय आहे, प्रोव्हिजनल बॉल. फटका वाकडा गेला, बॉल हरवेल असं वाटलं, तर शोधायला निघायच्या आधीच, तिथूनच, दुसरा बॉल मारून ठेवता येतो. फक्त मोठ्याने सांगायचं की हा प्रोव्हिजनल आहे. मग शोधायला जायचं. पहिला सापडला तर दुसरा खिशात. नाही सापडला तर दंड आहेच, पण परत मागे चालत जायला लागत नाही. महत्त्वाचं हे, की तो आधी मारायचा. शोधायची तीन मिनिटं संपली, मग आठवलं, तर सोय गेली.

म्हणजे प्रश्न 'कधी थांबायचं' एवढाच नाही. शोधायला निघण्याआधी मागे काय ठेवलंय, हा आहे. आणि ते ठरवायचं डोकं शांत असताना. भोकाच्या तोंडाशी नाही.

मागच्या उन्हाळ्यात घरच्या पाण्यासाठी परत बोअरचा विषय निघाला. या वेळी गाडी यायच्या आधी मी आणि अण्णा ओट्यावर वही घेऊन बसलो. लिहिलं: एकच जागा, दोनशे फूट, त्यापुढे एक फूटही नाही. आणि बोअर फेल गेली तर शेततळ्याच्या कागदासाठी किती पैसे लागतील, ते आधीच बाजूला काढून आईकडे दिले. अण्णांनी वहीवर सही केली, मीही केली. आई हसत होती, "बाप-लेकाचा करारनामा चाललाय."

गाडी आली. दोनशे फूट झालं. धूळ. गाडीवाला म्हणाला, "मालक, अजून पन्नास फूट..."

मी अण्णांकडे बघत होतो. ते त्या भोकाकडे बघत होते. बराच वेळ. तीन मिनिटं नसतील, पण मला तेवढी वाटली. मग हात वर केला आणि म्हणाले, "बंद करा."

खाली पाणी होतं का? असेलही. ते आता कधीच कळणार नाही, आणि त्या रात्री अण्णांना झोप लागली नाही हेही खरं. पण शेततळ्यात कागद पडला. पाऊस आला तेव्हा ते भरलं. पुरं नाही, निम्म्याच्या वर.

तर मंडळी, एवढंच. तुमच्याकडे अशी एखादी 'अजून पन्नास फूट' वाली गोष्ट असेल, परीक्षेची, धंद्याची, शेतीची, तर व्हॉइस नोट पाठवा. थांबलात ती पण सांगा आणि थांबला नाहीत आणि पाणी लागलं, ती तर नक्की सांगा. अण्णांना ऐकवायची आहे. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.