शेअरचा कस



गुजरीत साज घेताना आपण सोन्याचा कस पाहतो, वजन पाहतो, घडणावळ विचारतो. मग शेअर घेताना केवळ ऐकीव गोष्टींवर का विसंबावे?

कंपनी आपल्या गावची म्हणून चांगलीच, असे मी धरीत नाही. गोकुळ शिरगावच्या मेनन बेअरिंग्जचाही वार्षिक अहवाल मी परक्यासारखा वाचते. पाच वर्षांचा नफा, कर्ज आणि प्रत्यक्ष हाती आलेली रोकड पाहते. शेअरमागे वर्षाचा नफा १० रुपये आणि भाव २०० असेल, तर आपण वीसपट मोजतो. एवढे का मोजावे, याचे उत्तर अहवालात शोधावे.

अहवालही खोटा असू शकतो. २००९ साली सत्यमची हजारो कोटींची रोकड खोटी निघाली. म्हणून मुलांच्या शिक्षणाचा पैसा एकाच कंपनीत कधीही घालू नये. घरच्यांचा सल्ला अवश्य घ्यावा. अहवाल मात्र आपणच वाचावा.