विद्यापीठाचे ई-मेल खाते : किल्ली विद्यार्थ्याच्याच हाती असावी
(नवागत विद्यार्थ्यांसमोर झालेले भाषण)



उच्च शिक्षणाच्या अनेक संस्थांत प्रवेश निश्चित झाला, की ओळखपत्राबरोबर विद्यार्थ्याला ई-मेलचा पत्ताही मिळतो. परीक्षेचे वेळापत्रक, शुल्काची पावती, शिष्यवृत्तीची सूचना, ग्रंथालयाचे स्मरणपत्र असा पुष्कळसा व्यवहार त्याच पत्त्यावर होतो. म्हणूनच हे खाते वेळीच सुरू करणे आणि ते स्वतःच्या ताब्यात ठेवणे अगत्याचे होय.

या सोयीचा भारतातील आरंभ शिक्षणक्षेत्रातच झाला. केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ साली ‘अर्नेट’ हा प्रकल्प हाती घेतला. पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र त्यात सहभागी होते. १९८७ साली हे केंद्र आणि पवईची आयआयटी यांच्यात ई-मेलची देवाणघेवाण झाली. सर्वसामान्य नागरिकांसाठी इंटरनेट खुले झाले ते त्यानंतर आठ वर्षांनी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी.

विद्यापीठाच्या पत्त्याच्या अखेरीस बहुधा ‘एसी डॉट इन’ किंवा ‘ईडीयू डॉट इन’ ही अक्षरे असतात. ती कोणासही विकत घेता येत नाहीत. शैक्षणिक संस्थांनाच ती दिली जातात. त्यामुळे असा पत्ता हा विद्यार्थी असल्याचा एक पुरावाच ठरतो.

खाते सुरू करण्याची रीत सोपी आहे. संस्थेचे कार्यालय पूर्ण पत्ता आणि तात्पुरता पासवर्ड देते. जीमेल वा आउटलुक यांपैकी संस्थेने जी सेवा स्वीकारली असेल, तिच्या पानावर पूर्ण पत्ता लिहून प्रवेश करावा. तात्पुरता पासवर्ड ताबडतोब बदलावा. नवा पासवर्ड लांब असावा; जन्मतारीख किंवा मोबाइल क्रमांक त्यासाठी वापरू नये.

यानंतर पर्यायी मोबाइल क्रमांक विचारला जातो, आणि खरी चूक येथेच घडते. ग्रामीण भागातील अनेक विद्यार्थी असे खाते अर्ज भरून देणाऱ्या दुकानात उघडून घेतात. घाईत तेथे दुकानदाराचाच क्रमांक नोंदविला जातो. पुढे पासवर्ड विसरला, की ओटीपी दुकानदाराकडे जातो. दुकान बंद असले किंवा क्रमांक बदललेला असला, तर अर्जाची मुदत टळते आणि हक्काची शिष्यवृत्ती हातची जाते. दुकानदाराचा हेतू वाईट नसतो. परंतु किल्ली परक्याच्या खिशात राहिलेली असते.

स्वतःचा मोबाइल नसल्यास आईवडिलांचा किंवा वडील भावंडांचा क्रमांक द्यावा. दुहेरी पडताळणीही सुरू करावी. गूगलच्या खात्यात त्यासाठी दहा राखीव संकेतांक मिळतात. ते कागदावर उतरवून घरी जपून ठेवावेत. मोबाइल हाताशी नसला, तरी त्यांच्या आधारे प्रवेश मिळतो. प्रत्येक संकेतांक एकदाच चालतो, हे मात्र ध्यानात ठेवावे. दुकानातील किंवा प्रयोगशाळेतील संगणकावरून उठण्यापूर्वी खात्यातून बाहेर पडावे.

“आपले खाते बंद होणार आहे, येथे पासवर्ड भरा” अशी पत्रेही येतात. अशा पत्रातील दुव्यास हात लावू नये. थेट कार्यालयात चौकशी करावी. पासवर्ड कार्यालयालाही सांगण्याचे कारण नाही. तो विसरल्यास कार्यालय नवा देऊ शकते.

शिक्षण संपल्यावर अनेक संस्था ही खाती बंद करतात. यास्तव अखेरच्या वर्षी महत्त्वाची कागदपत्रे उतरवून घ्यावीत आणि नोकरीच्या अर्जात स्वतःचा खाजगी पत्ता द्यावा.

संस्थांचेही यात कर्तव्य आहे. प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक विद्यार्थ्याचे खाते मराठीतून समजावून, त्याच्याच हाताने उघडून घेतले, तर पुढील अनेक हेलपाटे वाचतील. दूरच्या वाडीवस्तीवरून येणाऱ्या मुलामुलींना एक हेलपाटा म्हणजे बसभाडे आणि बुडालेला दिवस असतो. तो वाचविणे सर्वस्वी आपल्या हाती आहे.