रत्नागिरीचा मुक्काम
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. भाषणाचा सराव नाही. पण आपल्या मंडळातल्या आम्ही आठजणी यंदा रत्नागिरीला तीन रात्री राहून आलो, त्याची हकीगत कोणीतरी सांगायला हवी असे ठरले. हिशेबाची वही माझ्याकडे, म्हणून ते काम माझ्याच गळ्यात पडले. चुकले-माकले पदरात घ्यावे.

जायचा विषय निघाला भिशीच्या दिवशी. आपल्या आक्का सत्तरीला टेकल्या. त्या सहज म्हणाल्या, "पंढरी पाहिली, आळंदी पाहिली, पण समुद्र काही पाहिला नाही बाई." हे ऐकून कोणाला राहवेल? एस.टी.त मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट झाले, त्यामुळे गाडीभाड्याची धास्ती नव्हती. प्रश्न होता उतरायचे कुठे. तिथे आमचे पाहुणे कोणी नाहीत. आणि असते तरी आठजणींनी एकीच्या घरी जाऊन पडायचे म्हणजे त्या बाईला तीन दिवस शेगडीपुढून उठता यायचे नाही. ते काही बरे नव्हे.

सातारा, कऱ्हाड, मलकापूर करीत आंबा घाट उतरलो. लाल माती दिसू लागली, जांभ्या दगडाची घरे दिसू लागली, अंगाला चिकचिक सुटली. रविवारी दिवेलागणीला रत्नागिरीत पोहोचलो आणि एका लॉजमध्ये शिरलो. गल्ल्यावरच्या गृहस्थांनी आमच्याकडे पाहिले, मग आमच्या मागे पाहिले आणि विचारले, "बरोबर पुरुष माणूस कोण?" मी म्हटले, "कोणी नाही." "मग खोली नाही." जागा नव्हती असे नाही. भिंतीवर किल्ल्या टांगलेल्या मला दिसत होत्या. त्या लॉजचे नाव मी घेत नाही, सगळेच तसे नसतात. पण त्या घटकेला पोटात गोळा आला. आक्का पायरीवर बसून राहिल्या. एकजण म्हणाली, "घरी फोन लावते." मी म्हटले, "आत्ता फोन लावलास की ही आपली पहिली आणि शेवटची सहल समज."

वाट दाखवली ती स्टँडवर गजरे विकणाऱ्या बाईने. ती म्हणाली, "पोरंपोरी उतरतात ते होस्टेल आहे. तिथं खाट भाड्यानं देतात. बायकांची खोली वेगळी आहे."

तर हे होस्टेल म्हणजे काय, ते नीट सांगते, कारण मलाही ठाऊक नव्हते. भाडे खोलीचे नाही, खाटेचे. माणशी, एका रात्रीचे चारशे. रेल्वेच्या डब्यासारखी खाटेवर खाट, एका खोलीत दहा. दाराला आतून कडी. सामान ठेवायला प्रत्येकीला लोखंडी खण, पण कुलूप आपले आपण आणायचे. न्हाणीघरे दोन, सगळ्यांची मिळून. स्वयंपाकघरही सामायिक, वापरलेले भांडे घासून जागच्या जागी ठेवायचे. (आम्ही गेल्यापासून ते स्वयंपाकघर जरा जास्तच लखलखीत झाले, असे तिथला मुलगा म्हणाला.)

वहीत प्रत्येकीने नाव-गाव लिहून सही करायची आणि आधार कार्ड दाखवायचे. माझ्या लग्नाला चोवीस वर्षे झाली. बाहेरगावी उतरायचे झाले की वहीत नाव ह्यांचे, आणि मी म्हणजे 'व कुटुंब'. त्या रात्री पहिल्यांदा मी माझे नाव लिहिले. हात जरा कापला, खोटे कशाला सांगू?

परक्या माणसांत झोप कशी लागायची, म्हणून काहीजणी कुरकुरल्या. तेव्हा आक्का म्हणाल्या, "अगं, माउलींची पालखी लोणंदला मुक्कामी असते, तेव्हा आपल्या ओसरीवर माणसाला लागून माणूस झोपतो. आपण त्यांची कुळी विचारतो का? आज आपण वारकरी." एवढे बोलून त्या खालच्या खाटेवर आडव्या झाल्या आणि घोरूही लागल्या.

नववी खाट नांदेडकडच्या एका मुलीची होती. नोकरीच्या मुलाखतीला एकटीच आलेली. रात्री तिच्या आईचा फोन आला, आणि आईला माझ्याशी बोलायचे आहे म्हणून तिने तो माझ्या हातात दिला. पलीकडून त्या माउलीने विचारले, "ताई, तुम्ही खोलीत आहात ना? मग मी झोपते." त्यावर मी काय बोलले ते आठवत नाही. माझी धाकटी बारावीला आहे. तिला पुण्याला वसतिगृहात ठेवायचे नाही, असा हट्ट घरात ह्यांचा नव्हता, माझाच होता. पहाटे पाचला मी त्या मुलीला उठवले, चहा केला, आपली दशमी-चटणी दिली. ती निघाली तेव्हा दारापर्यंत गेले.

सोमवारी रत्नदुर्ग पाहिला. किल्ल्याच्या तीन बाजूंना समुद्र, आत भगवतीचे देऊळ. तटावरून आक्कांनी पाणी पाहिले. बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "याला पलीकडचा काठच दिसत नाही की!" आपल्या नीरेच्या हिशेबाने पाहत होत्या बिचाऱ्या. परतताना टिळक आळीत लोकमान्यांचा जन्म झाला ते कौलारू घर पाहिले. १८५६ सालची गोष्ट. आपल्याकडच्या वाड्यांपुढे घर साधेच.

थिबा राजाचा वाडा सोमवारी बंद, म्हणून मंगळवारी गेलो. सरकारी संग्रहालये बहुधा सोमवारी बंद असतात, जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. हा ब्रह्मदेशचा शेवटचा राजा. इंग्रजांनी १८८५ साली त्याचे राज्य घेतले आणि पुढच्या वर्षी त्याला रत्नागिरीत आणून ठेवले. गंमत पाहा, पुढे १९०८ साली टिळकांना शिक्षा झाली तेव्हा त्यांना नेले ते ह्याच राजाच्या मंडालेला! वाडा बांधून झाला १९१० साली, आणि राजा वारला १९१६ साली. म्हणजे जेमतेम सहा वर्षे तो त्यात राहिला. मला राजापेक्षा राणी सुपयालतचेच मनात येत राहिले. तेहतीस वर्षे परक्या मुलखात, परक्या भाषेत काढली. १९१९ साली ती मायदेशी परतली. थोरल्या राजकन्येचे मन मात्र वाड्यावरच्याच एका मराठी नोकरावर बसले होते. पुढे ती रत्नागिरीतच राहिली. तिची मुलगी टुटू रत्नागिरीतच साध्या मराठी संसारात रमली आणि २००० साली वारली. राजाची नात, पण बोलणे-चालणे आपल्यासारखे.

पतितपावन मंदिरही पाहिले. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना भागोजीशेठ कीर यांनी १९३१ साली ते बांधले, सर्व जातींना खुले म्हणून. त्या दिवसांत तिथे सर्व जातींच्या बायकांचे एकत्र हळदीकुंकूही झाले होते. आपल्या हळदीकुंकवाला कोणाकोणाला बोलावणे जाते, हेही आपण एकदा बसून पाहायला हवे. आज तो विषय नाही, पण बोलून ठेवते.

खर्च माणशी अडीच हजारांच्या आत आला. वही टेबलावर ठेवली आहे, कोणीही पाहावी. निघण्यापूर्वी फोन करून दोन गोष्टी विचाराव्या: बरोबर पुरुष नसेल तर जागा देता का, आणि वयस्कर बायकांना खालची खाट मिळेल का. आम्ही हे विचारले नाही म्हणून पायरीवर बसायची पाळी आली. चादर आपली न्यावी. न्हाणीघराचा नंबर पहाटेच लावावा.

मी जाताना धान्याच्या कोठीचे कुलूप काढून नेले होते. आल्यावर ते कोठीला लावले नाही, धाकटीच्या बॅगेत टाकले. तिचा वसतिगृहाचा अर्ज परवाच भरला.

पुढची सहल माघात काढायची आहे. यायचे असेल त्यांनी आपले नाव माझ्या वहीत स्वतःच्या हाताने लिहावे. कुलूप जिचे तिने आणायचे.